नसबंदीनंतर कुत्र्याची देखभाल: शस्त्रक्रियेच्या दिवसापासून टाके निघेपर्यंत

मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांना जनावरांची नसबंदी नवी नाही. गोऱ्ह्याचे खच्चीकरण करताना पशुवैद्यक मोठ्या चिमट्याने कातडीवरूनच आतील वाहिन्या दाबून टाकतात. त्यात छेद नसतो, टाके नसतात, आणि थोड्या विश्रांतीनंतर जनावर पूर्ववत होते. हा अनुभव मनात पक्का असल्यामुळे कुत्र्याची नसबंदी झाल्यावरही ते दोन दिवसांत फिरायला लागेल, असे गृहीत धरले जाते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ही पूर्ण भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया असते. नराची दोन्ही वृषणे छेद घेऊन काढली जातात. मादीचे तर पोट उघडावे लागते, बीजांडकोश आणि बहुधा गर्भाशयही काढले जाते आणि नंतर आतून बाहेर थराथराने टाके घातले जातात. घरातील बायका ज्याला पिशवीचे ऑपरेशन म्हणतात, तेच हे ऑपरेशन आहे, आणि त्या बाईला जितकी विश्रांती आपण आवश्यक मानतो तितकीच या जनावरालाही लागते.

शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन-चार दिवस जखमेच्या कडा केवळ टाक्यांच्या आधाराने एकत्र असतात. त्यानंतर शरीर तेथे नवे तंतू निर्माण करू लागते, परंतु चौदाव्या दिवशीही त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या मानाने फारच थोडी असते. कुत्र्याला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, भूल पूर्ण उतरल्यावर आणि वेदनाशामक औषध सुरू असताना, आपण ठणठणीत झालो असे वाटू लागते. कुत्रे आधी बरे दिसते आणि जखम नंतर बरी होते. या मधल्या आठ-दहा दिवसांतच टाके तुटणे, जखमेखाली पाणी साठणे, जखम चाटून उघडी करणे असे बहुतेक बिघाड होतात. म्हणून या लेखात औषधांपेक्षा कुत्र्याला शांत आणि स्वच्छ जागी ठेवण्याच्या व्यवस्थेवर अधिक भर दिला आहे.

दिवस कोणता निवडावा

तातडीचे कारण नसेल तर शस्त्रक्रियेचा दिवस घरच्या कामाच्या हिशोबाने ठरवावा. जूनमध्ये पेरणीच्या वेळी आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या काढणीच्या वेळी घरातील सर्व माणसे शेतावर असतात, आणि एकटे राहिलेले कुत्रे टाक्यांशी काय करील याचा भरवसा नसतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात दुपारी धाप लागलेल्या कुत्र्याला, जखम चाटू नये म्हणून वापरतात ती प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर गळ्यात घालून बसवणे हा त्याचा छळच आहे. पावसाळ्यात काळी माती पोटाला चिकटते, अंथरूण वाळत नाही आणि माश्या वाढतात. पोळ्याचे वाजप आणि दिवाळीचे फटाके यांच्या आसपासचे दिवसही टाळावेत, कारण घाबरून साखळी तोडणारे कुत्रे जखमेचा विचार करीत नाही. या सर्वांचा विचार करता नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. या काळात परभणीकडे रात्रीचा पारा एक आकडी होतो, तेव्हा उबेची सोय मात्र करावी लागते. शिवाय डिसेंबरच्या सुमारास माळेगावच्या यात्रेला कुत्रे घेऊन जाण्याचा बेत असेल, तर शस्त्रक्रिया यात्रेनंतर करावी.

मादी माजावर असताना गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. त्यामुळे पशुवैद्यक साधारणपणे माज संपून दोन-तीन महिने गेल्यावर ही शस्त्रक्रिया करणे पसंत करतात. माजाची तारीख लिहून ठेवण्याची सवय येथे कामी येते.

आपल्या भागात गोचिडांचा उपद्रव मोठा आहे. गोचिडांमुळे होणाऱ्या तापात रक्तातील प्लेटलेट कमी होतात आणि रक्त गोठण्यास वेळ लागतो, कुत्रे वरून धडधाकट दिसत असले तरी. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी आणि गोचिडांवरचा उपाय व अंघोळ आधीच उरकून घ्यावी, कारण नंतर दोन आठवडे अंघोळ घालता येणार नाही. कुत्रे कारवान, पश्मी यांसारखे सडपातळ शिकारी जातीचे असेल तर ते पशुवैद्यकांना आवर्जून सांगावे. अशा कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते, काही भूलऔषधांचा अंमल त्यांच्यावर लांबतो आणि अंगही लवकर थंड पडते.

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मोकळ्या राहिलेल्या कुत्र्याला बांधून घेण्याची सवय नसते. ती शस्त्रक्रियेनंतर लावू गेल्यास ते दिवसभर हिसके देईल. म्हणून दोन आठवडे आधीपासून त्याला रोज थोडा वेळ ओसरीवर किंवा खोलीत बांधावे, तेथेच खायला द्यावे, आणि जमल्यास गळ्यातील प्लास्टिकची कॉलरही अधूनमधून घालून पाहावी. ही तयारी कुणी करीत नाही, परंतु पुढचा निम्मा त्रास याच तयारीने वाचतो. आदल्या रात्रीच्या उपाशी ठेवण्याबाबत पशुवैद्यक सांगतील तेच वेळापत्रक पाळावे; प्रौढ कुत्र्याला सहसा आठ ते बारा तास अन्न देत नाहीत, पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत.

दवाखान्यातून निघताना

घाईने निघू नये. छेद कोठे घेतला आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. मादीमध्ये तो पोटाच्या मधोमध असतो किंवा कुशीत असतो, आणि कुशीतला छेद असेल तर पोटाखाली पाहत बसून उपयोग नाही. बाहेरचे टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढावे लागणारे, कोणते औषध कोणत्या वेळी द्यायचे, पहिला डोस दवाखान्यात दिला आहे का, आणि रात्री अडचण आल्यास कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून घ्यावे. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत दूरच्या तालुक्यांतून लोक येतात. त्यांनी तर परतीच्या वाटेवरचा आणि आपल्या गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोणता, तो किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे आधीच पाहून ठेवावे.

कुत्रे स्वतःच्या पायांवर उभे राहू लागेपर्यंत त्याला तेथेच थांबवण्याची विनंती करावी. अर्धवट भुलीतल्या कुत्र्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणण्याची पद्धत धोक्याची आहे, कारण मान खाली लोंबकळली की श्वासमार्ग दबतो. रिक्षा, जीप किंवा छोटा टेम्पो करावा, त्याला एका कुशीवर निजवावे, मान सरळ ठेवावी, जीभ बाहेर काढून एका बाजूला घ्यावी आणि कुणीतरी जवळ बसून श्वासाकडे लक्ष द्यावे. उघड्या वाहनात ऊन आणि धूळ यांपासून आडोसा करावा. काही भूलऔषधांच्या अमलाखाली डोळे उघडेच राहतात आणि कोरडे पडतात, त्यामुळे रस्त्यावरच्या फुफाट्याने त्यांना इजा होऊ शकते.

पहिली रात्र

अंथरूण जमिनीवरच घालावे. बाजेवर, दिवाणावर किंवा ओट्यावर नको, कारण भुलीच्या गुंगीत कुत्रे खाली पडते. पोत्यावर धुतलेली जुनी गोधडी आणि तिच्यावर रोज बदलता येईल असे पांढरे किंवा फिकट सुती कापड पुरेसे आहे. फिकट रंगाचा आग्रह एवढ्यासाठी की रक्ताचा किंवा पुवाचा डाग लगेच दिसतो. खोली अंधारी, शांत आणि इतर कुत्र्यांपासून दूर असावी. मुलांना त्या रात्री जवळ जाऊ देऊ नये. गुंगीतले कुत्रे ओळखीच्या माणसालाही चावू शकते.

भुलीनंतर शरीराला आपले तापमान राखणे कठीण जाते. हिवाळ्यात अंगावर चादर घालावी, आणि गरम पाण्याची बाटली वापरायची असल्यास ती जाड कापडात गुंडाळून पाठीजवळ ठेवावी, कातडीला थेट लावू नये. गुंगीत कुत्र्याला चटका कळत नाही. उन्हाळ्यात उलट पंखा लावावा, भोवतीची फरशी पुसून गार ठेवावी, मात्र अंगावर पाणी शिंपडू नये. निरोगी कुत्र्याच्या गुदद्वारात घेतलेले तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा अधिक. कान गरम लागले म्हणून ताप आहे असे ठरवू नये, साधा डिजिटल थर्मामीटर त्याच्यासाठी वेगळा ठेवावा.

पहिल्या रात्री कण्हणे, अडखळत चालणे, एखादी उलटी होणे, थोडे खोकणे हे सर्व घडू शकते. श्वासनलिकेत नळी घातली असल्यास खोकला एक-दोन दिवस राहतो. दर दोन-तीन तासांनी हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असाव्यात, आणि बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा झालेला ठसा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावा. आतील रक्तस्रावाची पहिली सूचना बहुतेक वेळा जखमेवर नव्हे, हिरड्यांवर मिळते, आणि हा धोका पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असतो, म्हणून ही एक गोष्ट चुकवू नये.

पाणी आणि अन्न

कुत्रे मान धरून बसू लागले आणि नीट गिळू लागले की थोडे पाणी द्यावे. चमच्याने किंवा बाटलीने तोंडात ओतू नये. पाणी पोटात टिकले तर रात्री नेहमीच्या जेवणाच्या पाव ते निम्म्या इतके हलके अन्न द्यावे. मऊ भात, बिनमिठाच्या चिकनच्या पाण्यात भिजवलेली ज्वारीची भाकरी, उकडलेले अंडे किंवा त्याचे नेहमीचे पॅकेटचे खाद्य, यांपैकी जे रोज पचते तेच चालेल. अशक्तपणा भरून काढण्यासाठी दूध, तूप किंवा खव्याचे पदार्थ एकदम वाढवले की जुलाब होतात. घरातली उरलेली येसराची आमटी भाकरीवर घालून देणे तर पूर्ण टाळावे, कारण तिच्यातील कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात. हाडेही या काळात नकोत, कारण त्यांनी शौच कडक होते आणि कुंथताना पोटाच्या टाक्यांवर ताण येतो. लघवी चोवीस तासांत व्हायला हवी. शौच तीन-चार दिवस झाली नाही तरी काळजीचे कारण नाही, पोट आधीपासून रिकामे होते.

औषधे

पशुवैद्यक बहुधा वेदनाशामक आणि आवश्यकतेनुसार प्रतिजैविक देतात. वेदनाशामक पोट भरलेले असताना द्यावे, आणि कुत्रे वारंवार उलट्या करीत असेल किंवा पाणी पीत नसेल तर पुढचा डोस देण्याआधी फोन करून विचारावे. गोळी अंड्याच्या तुकड्यात किंवा भाकरीच्या मऊ गोळ्यात लपवून द्यावी आणि ती गिळल्याची खात्री करावी.

माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. इबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांमुळे कुत्र्याच्या पोटात व्रण होऊन रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, तर पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरते. गिधाडे मेल्यामुळे जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ साली बंदी आली हे अनेकांना माहीत असते, तरी घरातल्या डब्यातली माणसांची गोळी अर्धी करून कुत्र्याला दिली जाते. शेजाऱ्याच्या कुत्र्याला चाललेले औषधही वजन वेगळे असल्यामुळे आपल्या कुत्र्याला चालेलच असे नाही.

चाटणे थांबवणे

कुत्र्याची लाळ जखम भरून काढते, ही समजूत या दिवसांत सर्वांत महाग पडते. खरखरीत जीभ जखम घासते, तोंडातील जंतू आत जातात आणि समोरचे दात टाका काही मिनिटांत काढून टाकतात. गळ्यातील कॉलर नाकाच्या टोकाच्या थोडी पुढे येईल इतकी लांब असावी आणि पट्टा व मान यांमध्ये दोन बोटे जातील इतकी सैल असावी. ती टाके निघेपर्यंत रात्रंदिवस राहिली पाहिजे. जेवताना काढायची असेल तर समोर बसावे आणि लगेच पुन्हा घालावी. मोठ्या कॉलरमुळे पाण्याच्या भांड्यापर्यंत तोंड पोहोचत नसेल तर उथळ परात विटेवर ठेवावी.

तालुक्याच्या गावी कॉलर मिळाली नाही, तर मादीला जुना सुती टी-शर्ट घालता येतो. पुढचे पाय बाह्यांतून काढून शर्टाचे टोक कमरेवर गाठीने बांधावे आणि लघवीने ओला होताच बदलावा. हा दुय्यम उपाय आहे, कारण चिकाटीचे कुत्रे कापडावरूनही चाटते आणि ओल्या कापडाखाली जखम मऊ पडते. नराला शर्टाचा उपयोग होत नाही. त्याच्यासाठी कॉलरच हवी.

जखमेकडे पाहणे, आणि माश्या

जखम सकाळ-संध्याकाळ चांगल्या उजेडात पाहावी आणि रोज एकाच अंतरावरून मोबाईलने फोटो काढून ठेवावा. बदल नजरेपेक्षा फोटोंच्या तुलनेत स्पष्ट कळतो आणि दूरच्या पशुवैद्यकांना पाठवताही येतो. कडांना किंचित लाली, हलकी सूज, भोवती निळसर-जांभळी छटा आणि पहिल्या दिवशी दोन-चार थेंब गुलाबी पाणी हे अपेक्षित आहे. तिसऱ्या दिवसानंतर लाली आणि सूज ओसरत जायला हवी, वाढता कामा नये. नराची अंडकोशाची रिकामी पिशवी काही दिवस सुजलेली राहते, त्यामुळे वृषणे काढलीच नाहीत असा समज होतो. ती मोठी, घट्ट आणि काळसर होत गेली तर मात्र आत रक्त साठले असण्याची शक्यता असते.

जखमेवर काहीही लावू नये, हाच नियम. हळद, राख, खोबरेल, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड यांपैकी एकही वस्तू तेथे नको. बंद टाक्यांच्या कोरड्या जखमेला मलमाची गरज नसते, आणि वास आलेल्या मलमाकडे कुत्र्याचे लक्ष अधिकच जाते. स्प्रे किंवा आयोडीन पशुवैद्यकांनी सांगितले असेल तरच, सांगितले तितकेच वापरावे.

आपल्याकडचा खरा शत्रू माशी आहे. ओल्या किंवा चाटलेल्या जखमेवर माशीने अंडी घातली की एका दिवसाच्या आत त्यातून अळ्या निघतात आणि त्या कातडीखाली शिरतात. म्हणून गोठा, उकिरडा, मुतारीची नाली यांच्यापासून कुत्र्याची जागा दूर असावी, दिवसा मच्छरदाणी किंवा जाळीचे दार वापरावे आणि अंथरूण रोज बदलावे. जखमेतून दुर्गंधी येऊ लागली, कुत्रे एकाच जागेकडे सारखे वळून पाहू लागले किंवा हालचाल करणारे पांढरे ठिपके दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ढोरांच्या जखमेवर फिनाइल किंवा रॉकेल ओतण्याचा उपाय येथे करू नये. कुत्र्याच्या पोटावर तो जखमेपेक्षा अधिक घातक ठरतो.

तिसरा ते दहावा दिवस

या काळात कुत्रे दार उघडताच बाहेर झेपावते, भुंकणाऱ्या शेजारच्या कुत्र्याकडे धावते, मोटारसायकलचा आवाज ऐकून उड्या मारते. पोटाच्या आतील थरावर पडणारा प्रत्येक झटका बाहेरून दिसत नाही. म्हणून लघवी-शौचासाठी दिवसातून चार-पाच वेळा, दोरी आखूड धरून, पाच-दहा मिनिटेच बाहेर न्यावे. दोरी गळ्यापेक्षा छातीच्या पट्ट्याला लावणे चांगले, मात्र तो पट्टा कुशीतल्या जखमेवर घासणार नाही हे पाहावे. पायऱ्या, बाज, ट्रॉली, शेताचा बांध यांवर चढ-उतार नको. मोठ्या कुत्र्याला उचलावे लागल्यास एक हात छातीखाली आणि दुसरा मांड्यांमागे घालावा, पोटाखाली नव्हे.

राखणीच्या कुत्र्याला नुसते बांधून ठेवले की ते कंटाळून अधिक हिसके देते. त्याला दिवसातून दोन-तीन वेळा जवळ बसून खाऊ शोधायला लावावा, जेवण एकाच वेळी न देता कापडाच्या घड्यांत लपवून द्यावे. पाच-दहा मिनिटांच्या अशा डोक्याच्या कामाने कुत्रे बऱ्यापैकी निवांत होते. आखाड्याची राखण या दिवसांत दुसऱ्या कुत्र्याने किंवा माणसाने करावी. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याला रात्री पुन्हा शेतावर सोडण्याची घाई हेच अनेक टाके तुटण्याचे कारण असते.

जखमेखाली मऊ, न दुखणारी, पाणी भरल्यासारखी गाठ आली तर ती बहुधा जास्त हालचालीमुळे साठलेल्या द्रवाची असते आणि विश्रांतीने हळूहळू जिरते. ती सुईने फोडू नये. तरीही ती पशुवैद्यकांना दाखवावी, कारण आतील टाके सुटून आतडे कातडीखाली आले असले तरी बाहेरून अशीच गाठ दिसते.

ताबडतोब दवाखाना केव्हा

हिरड्या पांढुरक्या पडणे, पोट फुगून ताठर होणे, कुत्रे उठता न येण्याइतके मलूल होणे, जखमेतून थेंबाथेंबाने रक्त सतत येत राहणे, ताप १०३ अंशांच्या वर टिकणे, चोवीस तासांनंतरही उलट्या सुरू राहणे किंवा अन्न-पाणी पूर्ण बंद असणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहू नये. टाके उघडून आतील भाग बाहेर डोकावत असेल तर तो आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालून त्यात भिजवलेले स्वच्छ कापड त्यावर ठेवावे, वरून सैल पट्टी गुंडाळावी, कॉलर काढू नये आणि वाहन करून निघावे. निघता निघता पशुवैद्यकांना फोन करावा, म्हणजे पोहोचेपर्यंत तयारी होते.

टाके निघाल्यावर

बाहेरचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढले जातात. ते घरी कात्रीने काढू नयेत. जखम भरली आहे की नाही हे पाहण्यासाठीच ती भेट असते. टाके विरघळणारे असले तरी एकदा दाखवून यावे. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी अंघोळ घालता येते, आणि धावणे-खेळणे आठवडाभरात हळूहळू पूर्ववत करावे.

नराच्या शरीरातील नलिकांमध्ये आधीचे शुक्रजंतू काही काळ शिल्लक राहतात, म्हणून त्याला महिना-दीड महिना माजावरच्या मादीपासून दूर ठेवावे. राखण आणि भुंकणे या गोष्टी नसबंदीने जात नाहीत. कुत्रे मवाळ होऊन चोराच्या कामाचे राहणार नाही, ही भीती निराधार आहे. गल्लीतल्या मोकाट कुत्र्याची काळजी घेणाऱ्यांनी हे जाणून घ्यावे की २००१ च्याच नव्हे तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसारही अशा कुत्र्याला नसबंदी व रेबीजची लस दिल्यावर पकडलेल्या ठिकाणीच परत सोडायचे असते, आणि खूण म्हणून त्याच्या कानाला खाच दिलेली असते. ते परत आल्यावर त्याला गटाराकाठी न बसता कोरड्या जागी बसावेसे वाटेल अशा ठिकाणी रोज खायला ठेवणे आणि लांबूनच जखम पाहणे एवढे शेजाऱ्यांनाही जमते.

नसबंदीनंतर कुत्र्याच्या शरीराची ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्श्याने कमी होते आणि भूक मात्र वाढते. टाके निघाल्यापासूनच रोजचे अन्न त्या प्रमाणात कमी करावे आणि महिन्यातून एकदा वजन करावे. वरून हात फिरवल्यावर फासळ्या बोटांना लागत राहिल्या पाहिजेत. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातीच्या, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी झोपेत नकळत लघवी होऊ लागते. त्याबद्दल तिला रागावू नये किंवा वय झाले म्हणून सोडूनही देऊ नये. त्यावर औषधे मिळतात आणि ती बहुतेकींना लागू पडतात.